आमच्या जीपला मानवलेलं तेल

आमच्या जीपला कोणतं तेल मानवतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मी चौथीपर्यंतच शिकले, पण डब्यावरचे आकडे वाचायला तेवढं पुरतं.

मालक, म्हणजे माझा नवरा, पिशोर ते सिल्लोड सवारी जीप चालवत. जीप जुनी, डिझेलची, किलोमीटरचा काटा कधीचाच बंद पडलेला. मालकांना चाळिशी लागली, तेलाच्या पट्टीवरच्या दोन बारीक खुणा दिसेनात, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. गाडी चालू व्हायच्या आधी, सपाट जागेवर असताना पट्टी ओढायची, लुगड्याच्या चिंधीनं पुसायची, परत घालायची आणि मग बघायची. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. डिझेलच्या गाडीत नवं तेलही लगेच काळं होतं. रंगापेक्षा तेल किती उतरलं, हे बघायचं.

तेल बदलायचा रिवाज मात्र दसऱ्याचा. खंडेनवमीला गाडी धुवायची, तेल बदलायचं, दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालायचा. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत तेलाचं नाव नाही. आसपासच्या सगळ्याच जीपांचं तसं होतं.

एका दसऱ्याला माझे भाया, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, शहरातून आले. ते पुंडलिकनगरला राहत, नोकरी करत. जीप त्यांच्याच नावावर होती. येताना त्यांनी तेलाचा भारी डबा आणला. त्यांच्या नव्या मोटारीत ते हेच तेल घालत. माया करूनच आणलं होतं. डब्यावर पाच-तीस लिहिलेलं होतं. हा आकडा लहान तेवढं तेल पातळ. आमच्या जीपमध्ये आजवर वीस-चाळीस पडायचं. नवं तेल पट्टीवरून पाण्यासारखं ओघळलं, तेव्हाच मला खटकलं. पण आमच्यात भावजय भायांसमोर बोलत नाही. मी पदर पुढं ओढला आणि आत गेले.

पुढं कापसाचा हंगाम आला, फेऱ्या वाढल्या. तेल सारखं उतरायला लागलं. सकाळी चालू करताना निळा धूर निघायचा, आणि गाडीखाली परातीएवढा डाग पडायचा. सिल्लोडहून तापून आलेली गाडी जागेवर चालू ठेवली की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा. मालकांनी ते भायांच्या कानावर घातलं, तसे ते रविवारी आले. म्हणाले, इंजिन संपलं, आता ही विकून टाकू. सिल्लोडला एक जण घ्यायला तयार होता.

थोरल्या भावाला मालकांनी कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. या वयात दुसऱ्याच्या गाडीवर जायचं, म्हणजे उतारवयात नोकर व्हायचं. ते त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं.

भायांना काही सांगायचंच असलं तर आमच्याकडं लेकरांना सांगतात, नाहीतर भिंतीला. लेकरं खेळायला गेली होती, भिंत लांब होती. जीप जवळ होती. मी तिच्या बॉनेटवर हात ठेवला.

"बाई गं, तुला काय बी झालं नाय. तुला पातळ तेल पाजलंय. नव्या मोटारीचे सांधे घट्ट, तिला ते चालतं. तुझे झिजलेले. तापलीस की ते तेल टिकत नाय. तुला तुझं वीस-चाळीसच पाहिजे."

भायांनीही जीपकडंच तोंड केलं.

"आन् ते घालून बी दिवा लुकलुकला तर?"

"तर खुशाल इका. पण आधी तेल बदला," जीपच्या वतीनं मी म्हणाले.

"लई बोलकी झाली की रं तुझी जीप," भाया मालकांना म्हणाले.

"माझी कुठं, दादा. तुमच्याच नावावर हाय ती."

भाया हसले आणि स्वतः गाडीत बसले. सिल्लोडला मिस्त्रीकडून सगळं तेल काढून वीस-चाळीस घातलं, फिल्टर नवा टाकला. तापलेली गाडी दारात आणून जागेवर चालू ठेवली आणि आम्ही तिघंही त्या दिव्याकडं बघत राहिलो. तो लागला नाही. पुढं डागही परातीचा वाटीएवढा झाला. थोडं टिपकायचंच, जुनी गाडी आहे.

त्याच दिवशी मी जीपला दुसरीही गोष्ट सांगून टाकली. वर्षातून एकदाच, दसऱ्याला तेल बदलायचं आणि दसऱ्यानंतरचा सगळा राबता त्याच तेलावर काढायचा, हे काही बरोबर नाही. काटा बंद आहे, तर फेऱ्यांवरून अंदाज धरायचा. दसरा, मग कापसाचा जोर झाला की संक्रांत, मग पाडवा, आणि लग्नसराई उरकली की मिरग. पावसात गाडी निम्मे दिवस उभीच असते, तेव्हा मिरगाचं तेल दसऱ्यापर्यंत पुरतं. भायांनी मान डोलावली. तेव्हापासून तसंच चाललं. विकायची गोष्ट परत निघाली नाही, मालक शेवटपर्यंत त्याच गाडीवर राहिले.

मधल्या वर्षांत भायांची मोटारही जुनी झाली. एकदा ते आले, चहा घेतला आणि उठून जीपपाशी गेले.

"का गं, माझ्या मोटारीला आता कोणतं घालू? तुझंच घालू का?"

मी दाराआडून म्हणाले, "तिचं तिच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. आधी पट्टी बघा, खाली डाग बघा. तिची काही तक्रार नसताना माझं औषध तिला कशाला?"

भायांनी खिशातून रुमाल काढला आणि मोटारीचं बॉनेट उघडलं. मी आतून चिंधी पुढं केली. रुमाल उगाच खराब झाला असता.