समजाकाकांची काळजीबंदी

काचेचं काम करणाऱ्या माणसाने 'समजा' हा शब्द दिवसातून किती वेळा वापरावा याला काहीतरी मर्यादा हवी, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. समजाकाकांना ते मान्य नव्हतं. खिडकीची एक फुटकी काच बदलायला गेले तरी आधी दारात उभं राहून ते सुरू करत, "समजा, शिडी घसरली. समजा, चौकट आतून कुजलेली निघाली. समजा, तुमचं मांजर नेमकं खाली येऊन बसलं." आमच्याकडे मांजर नाही म्हटलं, तर "शेजाऱ्यांचं असेल," म्हणत. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

दुकान दोघा भावांचं. पुढे भिंतभर आरसे, मागे लाकडी घोड्यावर उभ्या टेकवलेल्या काचा, आणि मधल्या मेजावर काच कापायचा हिरा, लांब पट्टी आणि काच चौकटीत चिकटवायच्या लांबीचा डबा. धाकटा भाऊ म्हणजे काकांच्या बरोबर उलट. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "होईल!" घराला आग लागली तरी हातातला चहा संपवून उठेल, असा तो निवांत माणूस. लोक म्हणत, एकाच आईची ही दोन मुलं, पण एकाने काळजीचा सगळा साठा उचलला आणि दुसऱ्यासाठी चिमूटभरही ठेवला नाही. काकांना हे ऐकून मनातून वाईट वाटे. आपला स्वभाव म्हणजे घरादाराला ताप आहे, असं त्यांनी फार पूर्वीच मान्य करून टाकलं होतं. त्यांच्या हातून तीस वर्षांत मोठी काच एकदाच फुटली होती, आणि तीही गिऱ्हाइकाचे पाहुणे तिला टेकून उभे राहिले म्हणून. पण याचं श्रेय सगळे नशिबाला देत, आणि काकाही देत.

मग एक दिवस चक्कर आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि वरचा आकडा एकशे सत्तर निघाला. गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि काळजी करायची नाही. अजिबात. पंधरा दिवसांनी या. आकडा खाली आला नसेल, तर दुकान बंद. घरी बसायचं."

घरी बसायचं! काका घरी बसून काय करणार होते? रविवारी दुपारपर्यंतच ते बायकोला नकोसे होत.

काकू जात्याच खंबीर. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं शब्दशः घेतलं. "मन चिंती ते वैरी न चिंती," त्या म्हणाल्या, "आजपासून या घरात आणि दुकानात 'समजा' बंद." त्यांनी एक स्टीलची ताटली आणि चमचा हाताशी ठेवला. काकांनी 'स' म्हटला की चमचा ताटलीवर पडे. पहिल्या दिवशी काका "साखर दे" म्हणाले तरी ठण्णकन आवाज झाला. शिवाय काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'सगळं छान होणार आहे' असं म्हणावं. काकांच्या दुकानात लहानमोठे अठ्ठावीस आरसे. अठ्ठावीस काका एकदम म्हणाले, "सगळं छान होणार आहे," आणि त्यातल्या एकाचाही त्यावर विश्वास बसलेला दिसत नव्हता.

काकांनी तोंडाला कुलूप लावलं. पण बोलायची बंदी झाली म्हणून काळजी थोडीच घर सोडून जाते? ती आत बसून राहिली आणि नाही नाही त्या गोष्टींना जाऊन चिकटली. नळ नीट बंद झालाय का? समोरच्या गच्चीवरची कुंडी पडणार तर नाही? पूर्वी अंथरुणाला पाठ टेकताच घोरणारा माणूस आता छताकडे बघत पडून राहू लागला. जेवण कमी झालं. काकू खूश, की नवरा किती शांत झाला! घरी आणलेल्या यंत्रावर नवव्या दिवशी आकडा एकशे शहात्तर आला, तेव्हा काकूंनी यंत्र बदलून आणलं. नवं यंत्र एकशे अठ्ठ्याहत्तर म्हणालं.

नेमकं त्याच दिवसांत त्यांच्या आजवरच्या कामांतलं सगळ्यात मोठं काम येऊन ठेपलं. वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या भिंतीत, नऊ फूट बाय सहा फुटांची एकसंध काच बसवायची. जिन्यातून ती वळत नव्हती, म्हणून बाहेरून दोराने चढवायची. फुटली तर तशी दुसरी यायला दोन महिने. धाकटा एकटा जाऊन मापं घेऊन आला. काकांनी डोळ्यांनीच विचारलं. धाकटा म्हणाला, "होईल," पण त्या 'होईल'मध्ये नेहमीचा दम नव्हता.

तेराव्या दिवशी काच चढायची होती. काकूंनी काकांना यायची परवानगी दिली, पण रस्त्याच्या पलीकडे खुर्चीवर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, आणि उंटावरून शेळ्यासुद्धा हाकायच्या नाहीत. शेजारच्या खुर्चीवर काकू स्वतः, मांडीवर ताटली.

काका बघत राहिले. चार माणसं दोर घेऊन तयार होती. काच घोड्यावर उभी, तिच्यावर खडूची मोठी फुली. धाकट्याने कप्पी तपासली. पुन्हा तपासली. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. काच धरायचे रबरी कप काचेला लावले, काढले, पुसले, परत लावले. आणि मग सगळं तिथेच टाकून तो रस्ता ओलांडून आला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"दादा," तो म्हणाला, "काय काय बिघडू शकतं, तेवढं सांग ना."

काकूंचा चमचा वर गेला.

"वहिनी, पाया पडतो तुमच्या. त्याला बोलू द्या. मला आठवतच नाहीये काही. डोकं नुसतं भणभणतंय."

काकूंनी दिराकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर आला होता, शाळेत उत्तर येत असूनही बाईंनी न विचारलेल्या पोरासारखा. काकूंनी चमचा पर्समध्ये टाकला.

"बोला," त्या म्हणाल्या. "पण चहा पीत बोला."

आणि काका सुटले. "समजा, वर मागचं दार कुणी उघडलं आणि आरपार वारा आला, तर काच शिडासारखी ओढली जाईल. ग्रंथपालांना त्या दाराला पाठ लावून उभं कर. समजा, दोर धरणाऱ्याला शिंक आली. म्हणून दोर एक फेरा खांबाला हवाच. समजा, खालच्या कोपऱ्याला टवका उडालेला आहे..." अशा चौदा गोष्टी झाल्या. धाकटा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता आणि त्याचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. चौदावी झाली तशी काकांनी हात झटकले, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चक्क शिट्टी वाजवायला लागले.

काकू बघतच राहिल्या. आता त्यांना आठवलं, की हा माणूस तीस वर्षं असंच करत आला होता. आधी सगळं ओकायचं आणि मग शिट्टी. आपण फक्त पहिलाच भाग ऐकत आलो, आणि नेमका तोच बंद केला. त्यांना स्वतःचा असा काही राग आला, की त्यांनी ताटली खुर्चीखाली ढकलून दिली.

काच इंच इंच वर गेली आणि चौकटीत अलगद बसली. चौदापैकी एकही गोष्ट घडली नाही. घडलं ते वेगळंच. काच चौकटीत टेकायच्या आधी एक कबूतर उघड्या जागेतून आत शिरलं आणि ग्रंथपाल दार सोडायचं नाही म्हणून जागेवरूनच आरडाओरडा करू लागले. "हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं!" काका इतके हसले, की काकूंना त्यांची पाठ चोळावी लागली. त्या दिवशी ते संध्याकाळी आठलाच झोपले.

पंधराव्या दिवशी तिघंही डॉक्टरांकडे गेली. मधल्या दोन दिवसांत काकांनी दुकानातली, घरातली आणि शेजाऱ्यांची मिळून सगळी तुंबलेली काळजी बोलून टाकली होती. डॉक्टरांनी फुगा दाबला, आणि आकडा आला एकशे अडतीस. गोळ्यांना त्यांचं श्रेय द्यायलाच हवं, पण डॉक्टर आनंदाने म्हणाले, "बघा! काळजी सोडली की असा फरक पडतो. जा दुकानात खुशाल."

"सोडली नाही हो," काकू म्हणाल्या, "परवापासून पुन्हा धरली."

डॉक्टरांना काही समजेना. तेवढ्यात धाकट्याने गंमत म्हणून बाही सरकवली. "माझंही बघा की."

डॉक्टरांनी पाहिलं. पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा पाहिलं. "एकशे साठ," ते म्हणाले. "तुम्हाला कसला ताण आहे?"

धाकट्याने बाही खाली ओढली. "काळजीचा," तो म्हणाला. "हे दोन आठवडे मलाच करावी लागली. मला येत नाही ती, डॉक्टर. माझ्या वाट्याची आजवर दादाच करत आला. तो सगळं आधी बोलून टाकायचा, म्हणून तर मी 'होईल' म्हणू शकत होतो."

जो स्वभाव जन्मभर लाजत वागवला, त्याच्या सावलीत आपला भाऊ इतकी वर्षं निर्धास्त हिंडत होता, आणि हे आपल्याला आज कळावं! काकांना आनंद इतका झाला, की तो लपवायला ते मोठ्याने खाकरले.

"डॉक्टर, त्याला काही सांगू नका," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "पथ्य काय, गोळ्या कुठल्या, पुढे काय काय होऊ शकतं, सगळं मला सांगा. मी बसलोय ना इथे."

काकूंनी पर्समधून कागद आणि पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. धाकटा तोवर बाहेर जाऊन कंपाउंडरशी गप्पा मारायला लागला होता.