पोस्टर लागलं, कंपनी कुठे?

मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा-नाटकांचा, हंगाम सुरू झाला की सोमवारी सकाळी हटवार सरांच्या कानामागे हमखास रंग सापडायचा. शनिवार-रविवार ते गावोगावच्या नाटकांत खलनायक व्हायचे आणि सोमवारी लाखनीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची सी भाषा शिकवायचे. दोन्हीकडे आवाज तोच. मागच्या बाकावर पेंगणारी मुलं दचकून जागी व्हायची.

हेडर फाइलही त्यांनी नाटकातूनच शिकवली. "पोस्टरवर काय राहते? कोन येनार, काय करनार, एवढंच. हेडर तसंच. फंक्शनचं नाव, त्याले काय द्याचं, ते काय परत देनार. पन भिताडावर पोस्टर चिपकवलं म्हनून नाटक होते का? कंपनी आना लागते ना! ते कंपनी म्हंजे लायब्ररी." printf ची कंपनी गावातलीच, न बोलावता येते. गणिताची मात्र पार नाटक कंपन्यांच्या वडशाहून आणावी लागते आणि तिचं बोलावणं म्हणजे कंपाइल करताना जोडायचं -lm, असं ते सांगायचे. आम्ही नुसते हसायचो.

मी प्रॅक्टिकलला एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले तर कॉलेज सोडून पवनीला घरी यायचं आणि दुकानात बसायचं, असं बाबांनी निक्षून सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला नेमका वर्गमूळ काढायचा प्रोग्राम आला. तो सोमवारच होता. कंपाइल केलं तर एरर, sqrt सापडत नाही! वर math.h हे गणिताचं हेडर तर ढळढळीत दिसत होतं. मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली, मग आणखी एकदा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यामागे येऊन थांबले.

"हेडर तर आहे. मग अडलं कुठं?"

मी दाराशी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. चेहरा अगदी दगडी. त्यांनी मान फिरवली आणि कानामागचा लाल रंग दिसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पोस्टर लागलंय, कंपनी आली नाही."

परीक्षक बघतच राहिले. मी कमांडच्या शेवटी -lm जोडलं आणि उत्तर पडद्यावर आलं. पोस्टरचा अर्थ सांगितल्यावर तेही हसले आणि "पास" म्हणून पुढे गेले.

बाहेर आले तर सर पायरीवर बसून घाम पुसत होते. "काहून वं, मारून टाकतं का मले?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "सर, तुमी तं एवढे शांत उभे होते!"

"शांत कायचा! एवढे व्हिलन रंगवले, पन असं सोंग कधी नाही केलं. चूक दिसून राहिली, अन् तोंड बंद ठेवाचं!"