प्रज्ञा काऊन बोलत नाई?

किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही हो. मी गोळा करते ती माणसांची रोजची बोलणी: कोण कोणाला कशी हाक मारतो, कोणापुढे कोणाचा आवाज बदलतो. किस्से आपले कॅसेटच्या उरलेल्या जागेत साचत जातात.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी भाषाविज्ञान शिकवायचे. आणि माझी प्रज्ञा पावणेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती!

*

एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "पोट्टी काऊन बोलत नाई वो?"

"बोलेल हळूहळू."

"अन् तू का करतेस?"

"कॉलेजात भाषा शिकवते."

आजींनी आधी प्रज्ञाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं!" म्हणाल्या, आणि पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

*

स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय चुकला. गणित घेतलं असतं तर पोरगी एव्हाना बोलली असती!"

सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

*

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. प्रज्ञा वळली.

"कान ठणठणीत आहेत. घरी हिच्याशी कोणी बोलतं ना?"

"सारखी बोलते हो! चित्रं दाखवते, तोंडापुढे माइक धरते, वही घेऊन वाट बघत बसते..."

नवरा हळूच म्हणाला, "डॉक्टर, घरात मीपण फारसं बोलत नाही."

*

मूलजवळच्या एका गावी नमस्काराच्या तऱ्हा टिपायला गेले होते. एक म्हातारे भाऊ प्रज्ञापुढे वाकले. "जयभीम, बाई!"

"म्हण बेटा, जयभीम. म्हण ना!" मी तिचा खांदा हलवला. सगळे बघत होते. तिनं नुसते हात जोडले.

"पोचला!" भाऊ म्हणाले. "पोरगी बरी हाये. तुमी काऊन घाबरून राह्यल्या?"

*

एकदा सकाळी प्रज्ञाला सांभाळणाऱ्या शेवंताबाईंची बोली टेप करत होते. पहिला तास गाठायच्या घाईत टेप बंद करायचाच राहिला. संध्याकाळी कॅसेट लावली.

आधी माझाच आवाज. "टाटा म्हण. एकदाच म्हण ना गं." मग शांतता. कडीचा आवाज. माझ्या चपला लांब लांब जातात.

मग एक बारीक, स्वच्छ आवाज.

"शेवंता, आई गेली का?"

"गेली."

"मंग आता बोलू?"