ओ पॉझिटिव्ह, तरी जुळेना

नांदेडच्या रक्तपेढीत मी निवासी डॉक्टरांना शिकवते. त्या वर्षी आलेला मुलगा रेणापूरकडचा होता. हुशार, पण अबोल. ही शाखा का घेतलीस, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इथं पेशंटशी बोलावं लागत नाही."

एका दुपारी बिलोली तालुक्यातल्या एका बाईंचा नमुना आला. गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी रक्त चढवायचं होतं. गट ओ पॉझिटिव्ह. फ्रीजमध्ये त्या गटाच्या रक्ताच्या पिशव्या भरपूर. पण कुठलीच जुळेना. बाईंच्या नमुन्यात मिसळून पाहिलं, की प्रत्येक नळीत गुठळ्या.

"किट खराब असेल," तो म्हणाला.

"किट ठीक आहे. बाईंना आधी कधी रक्त दिलंय का?"

"केसपेपरवर 'नाही' लिहिलंय."

"जाऊन विचार."

तो घुटमळला, तेव्हा मीही सोबत निघाले. वॉर्डात बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. यानं पुस्तकी भाषेत विचारलं, "आपल्याला पूर्वी रक्तसंक्रमण झालं होतं का?"

बाई दचकल्या. "न्हाई बाबा! तसला कायबी रोग न्हाई आमच्या घरात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो स्टूल ओढून बसला आणि इतक्या महिन्यांत मी कधी ऐकली नव्हती अशा घरच्या बोलीत म्हणाला, "तसं न्हाई मावशी. कधी रक्ताची बाटली लावली हुती का तुमाला?"

"हाव की! धाकट्या पोराच्या वक्ताला. लई रक्त गेलतं. लातूरला नेलतं तवा." मग त्यांनी विचारलं, "तुमी कुठले?"

"रेणापूरचा."

"मग आधीच असं सरळ इचारायचं ना."

तो हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली होती. त्या जुन्या रक्तामुळे किंवा बाळंतपणामुळे बाईंच्या शरीरात परक्या रक्ताला विरोध करणारी अँटीबॉडी तयार झाली होती. ती रक्तातल्या कोणत्या घटकाच्या विरुद्ध आहे हे त्यानं शोधलं आणि तो घटक नसलेलं रक्त मिळावं म्हणून आमच्या पिशव्या एकेक करून तपासत बसला. जेवायलाही उठला नाही. संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या निघाल्या. नळीत गुठळी नाही, रंग एकसारखा. नळी उजेडाकडे धरून तो मला दाखवत राहिला.

रक्त सुरू झालं तेव्हा, मी न सांगताच, तो बाईंच्या नाडीवर हात ठेवून शेजारी बसला. काही त्रास झाला नाही. ऑपरेशनही नीट पार पडलं.

घरी जाण्याआधी बाईंनी त्याला विचारलं, "हे रक्त दिलं कुनी? नाव तर सांगा."

"नाव सांगता येत न्हाई, मावशी."

"बरं. त्याच्या लेकराबाळाचं चांगलं होवो म्हना त्याला."

तो रक्तपेढीत परत येऊन म्हणाला, "मॅडम, पुढच्या रक्तदान शिबिराला मी येऊ का?" किल्लारीच्या शिबिरात मी त्याला रक्तदात्यांच्या नोंदणीच्या टेबलाशी बसवलं. येणारा प्रत्येकजण खुर्चीवर टेकायच्या आत तो विचारत होता, "जेवन करून आलात ना?"