दोन नावांची गाठ

माझ्या लग्नाची पत्रिका मीच काढली होती. सिरसाळ्यात तेव्हा असं कुणी करत नसे. छापखान्यात नमुन्यांची जाड फाईल असायची. एका नमुन्यावर बोट ठेवायचं, नावं सांगायची, झालं काम. वर महादेवाची पिंड, बाजूला सनई-चौघडा, खाली ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’.

पण मी वाढले वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या किराणा दुकानात. शाळेच्या पुस्तकांपेक्षा पुड्यांवरची चित्रं मी जास्त बघितली. त्या वर्षांत दुकानात सारखं काहीतरी नवं येऊन टांगलं जायचं. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, हवा भरलेली वेफर्सची पाकिटं, चकचकीत कागदातले साबण. एका चहाच्या पुड्यावर कपातली वाफ वर जाता जाता चहाचं पान होऊन जायची. ते ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी मीठ बांधून दिलं. कुणीतरी कुठंतरी बसून गालात हसत हे काढलं असणार, असं वाटायचं आणि दिवस चांगला जायचा.

धारूरचं स्थळ ठरलं तेव्हा मी अप्पांना म्हणाले, पत्रिका मी काढते. आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते. नवरदेवाच्या नावाची रेघ मी पुढं ओढली, माझ्या नावाची मागं ओढली आणि मधे दोन्ही रेघांची गाठ मारली. गाठीची टोकं खाली सैल सोडली. लग्नगाठ, पण तो शब्द कुठंच न लिहिता.

अप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “बरं दिसतंय,” एवढंच म्हणाले. काका मात्र कुरकुरले, “पोरीच्या हातात कावून दिलं हे?”

छापून आलेला गठ्ठा काकांनीच परस्पर सोडवला आणि मानाची पहिली पत्रिका त्याच दिवशी धारूरला पोचती केली. मला गठ्ठा दिसला तो संध्याकाळी. ठसा चौकटीत बसावा म्हणून छापखान्यानं गाठीची सैल टोकं उडवली होती. शाईही जाड बसली होती. दोन नावांच्या मधे उरला होता नुसता एक आवळलेला गोल.

आईनं पत्रिका हातात घेतली आणि खाली ठेवली. “फास वाटतोय गं हा.”

दुसऱ्या दिवशी शेजारचा एसटीडीवाला पळत आला, “धारूरचा फोन हाय.” अप्पा टोपी न घालताच गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. “उद्या बोलावलंय. पत्रिकेचं बोलायचंय म्हणं.”

“मी येते.”

“नवरी मुलगी कधी जाती का अशी?” आई म्हणाली. सकाळी मी साडी नेसून अप्पांच्यामागं एसटीत चढले, तेव्हा त्यांनी दोन तिकिटं काढली. घाट चढताना गाडी घरघरत होती.

धारूरच्या घरात सासरे खुर्चीवर होते. त्यांची थोरली बहीण, नवरदेवाच्या आत्याबाई, बाजेवर बसलेली. घरात त्यांचाच शब्द चालतो, हे आम्हाला आधीच कळलं होतं. नवरदेव आतल्या दाराला टेकून उभा. मला बघून सगळेच एकमेकांकडं बघायला लागले. पाणीसुद्धा उशिरानं आलं.

आत्याबाईंनी पत्रिका हात लांब करून धरली, जसा विंचू धरावा. “माझ्या भाच्याच्या नावाला फास लावलाय. कुणाची अक्कल ही?”

अप्पांनी हात जोडले. “अक्का, छापखान्याची चूक झाली. आमी दुसऱ्या छापून घेतो.”

“चूक छापखान्याची हाय,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. “पण चित्र माझं हाय. ती गाठ हाय, फास न्हाई.”

“लग्नाआधीच इतकं बोलती?” आत्याबाई सासऱ्यांकडं वळल्या. सासरे जमिनीकडं बघत होते. अप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले होते. आता उठायला सांगतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात नवरदेव दारातून पुढं आला आणि खिशातलं लाल पेन काढून त्यानं माझ्यासमोर ठेवलं. पुन्हा दारात जाऊन उभा राहिला.

मी पत्रिका मागून घेतली आणि उडवलेली टोकं पेनानं पुन्हा काढली. आत्याबाई वाकून बघत होत्या. “अजून दोरीच हाय ती,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या पदराच्या टोकाचे सुटे धागे चिमटीत धरले. “पदराला दशा असत्यात, बाई. दोरीला न्हाई.”

मी टोकांना बारीक बारीक दशा काढल्या. त्याबरोबर दोरी नाहीशी झाली. शालूचा पदर आणि उपरणं, दोन्हींची गाठ. आत्याबाई पत्रिका घेऊन दाराच्या उजेडात गेल्या.

“समद्या पत्रिकांवर काढशील?”

“काढते.”

“हातानं?”

“हातानं.”

“मग जा. लाग कामाला.” सासऱ्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

परतीच्या गाडीत अप्पा पुढचा दांडा घट्ट धरून बसले होते. घाट उतरून झाल्यावर म्हणाले, “मोडलं असतं तर?” सिरसाळा दिसायला लागल्यावर पुन्हा म्हणाले, “तिकडं गेल्यावर लई बोलू नको.” आणि मग खिडकीबाहेर बघत, “आज बोललीस ते बरं झालं.”

घरातल्या बायका-पोरींनी मिळून लाल पेनांनी दशा काढल्या. आईच्या जाड, बहिणीच्या तिरप्या. कुणाचीच पत्रिका दुसऱ्यासारखी झाली नाही. काकांनी एकही काढली नाही. लग्न ठरलेल्या दिवशीच लागलं.

आत्याबाईंनी मला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर मात्र लगेच सांगायच्या. पण लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्या बाजारातून आल्या आणि चुलीपाशी माझ्यापुढं कोंबड्याच्या चित्राची नवी काडेपेटी ठेवली.

“ह्या कोंबड्याचा तुरा बघ,” म्हणाल्या. “आगीच्या जाळावानी काढलाय.”