टिकलीवाली पुस्तकं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात अश्लील पुस्तक एकही नव्हतं. ते मी शोधून काढलं.

खामगावहून पिंपळगाव राजाकडे जाताना मध्ये एक गाव लागतं आणि लगेच संपतं, ते आमचं. तिथल्या शाळेत मी शिक्षक आणि वाचनालयाचा मानद सचिव. (मानद म्हणजे बैठकीचा चहासुद्धा स्वतःच्या खिशातून.) अध्यक्ष माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वाचनालयाची जागा त्यांची, म्हणून अध्यक्षपद त्यांचं. पुस्तक वाचण्याची अट जागा देताना कोणी घातली नव्हती आणि त्यांनीही ती कधी आपणहून पाळली नाही.

पूर्वी आमच्याकडची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद असायची. वाचकानं बाहेर उभं राहून बोट दाखवायचं, "ते निळं. ते नाही, त्याच्या बाजूचं." काढून हातात येईपर्यंत ते भलतंच निघायचं, पण परत मागायची लाज वाटून माणूस तेच घेऊन घरी जायचा. गेल्या वर्षी मी हट्ट करून सगळी कुलपं काढायला लावली. या, चाळा, आवडलं तर न्या! मग कॉलेजच्या मुली यायला लागल्या आणि मुलींच्या मागे वाचनाची आवड असलेली मुलंही यायला लागली. माझ्या हातून झालेलं हे एकच चांगलं काम. त्याबद्दल मी इतक्या ठिकाणी बोललो की एकदा एका मयतीला लोकांनी मला हळूच बाजूला नेलं.

आणि मग मोठेबाबांची नात वैष्णवी एक कादंबरी घरी घेऊन गेली.

आयुष्यात पुस्तक न उघडलेल्या मोठेबाबांनी ते उघडलं, आणि उघडलं ते नेमकं त्याच पानावर!

"हे काय आहे बे?" त्यांनी मला बोलावून विचारलं.

"कादंबरी आहे, मोठेबाबा."

"ते दिसते मले. हे दोघं जिनिंगमंधी, कापसाच्या गंजीवर काय करून राह्यले?"

"बसले आहेत."

"बसाले गंजीवर काऊन चढले? खाली जागा नोती?"

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, तिथं खाली जागा पुष्कळ असते; नायक-नायिकेच्या वतीनं मी मान खाली घातली.

"पुढच्या बैठकीले कुलूप," मोठेबाबा म्हणाले. "पह्यले होतं तसंच. आपल्याले नाही पाह्यजे असली भानगड."

कुलूप म्हणजे पुन्हा काच आणि पुन्हा ते बोट दाखवणं. चार माणसांच्या देखत काचेवर बोट ठेवून 'ती प्रेमकथा द्या' म्हणणारी मुलगी आमच्या गावात अजून जन्माला यायची आहे. मुली येणंच बंद करणार होत्या. मी मोठेबाबांच्या विनवण्या केल्या. म्हटलं, कुलूप लावू नका, मी तसली पुस्तकं वेगळी करतो, त्यावर खूण करतो आणि ती फक्त मोठ्या माणसांनाच देतो.

"करून पाह्य," ते म्हणाले. "पन बैठकीपर्यंतच."

आता खूण कोणती करायची? 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलं तर गावातली सगळी पोरं आधी तिथंच तुटून पडतील, एवढी अक्कल मला होती. (तिथंच ती संपली.) खूण गुपित हवी. लांबून दिसणारी हवी. पक्की चिकटणारी हवी. आरशावर बायकोच्या टिकल्यांची पाकिटं लटकत होती. मोठ्या, गोल, मरून रंगाच्या! स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की पाकिटं उचलताना सुनंदाला विचारायचंसुद्धा राहिलं.

अश्लील काय ते ठरवायचं तर वाचायला हवं. मी गठ्ठे घरी आणून बसलो.

"काय वाचून राह्यले वो इतकं?" सुनंदानं विचारलं.

"समितीचं काम आहे."

"समितीच्या कामाले इतके डोये फाडा लागतात?"

काम अवघड होतं. सुरुवातीला मी उदार होतो. हातात हात घेतला तर सोडून द्यायचं, मिठी मारली तर टिकली. पण नजर एकदा तयार झाली की ती माणसाला सुखानं जगू देत नाही. कवितेत 'ओठ' आला, टिकली. प्राचीन मंदिरांच्या पुस्तकात भिंतीवरच्या बाया दिसल्या, टिकली. गाई-म्हशींच्या पैदाशीवरच्या पुस्तकाला तर दोन टिकल्या! शेवटी पाककृतींच्या पुस्तकात 'कणीक हलक्या हाताने मऊसूत मळून घ्यावी' हे वाक्य वाचून मी दचकलो आणि तिथंही एक चिकटवली. कादंबरीतलं ते गंजीचं प्रकरण तर मी निर्णय पक्का व्हावा म्हणून मोठेबाबांच्या घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचलं.

पुस्तकं परत लावून मी आमच्या ग्रंथपालाला, वासुदेवला, बाजूला घेतलं.

"वासुदेव, टिकलीवालं पुस्तक पोरासोरायले द्याचं नाही."

"मंग कोनाले द्याचं, सर?"

"कोणाले म्हणजे? टिकली पाह्य आन् समजून घे ना बाप्पा!"

वासुदेवनं टिकलीकडे पाहिलं. आपल्या मुलखात टिकलीचा जो एकच अर्थ होतो, तो त्याला समजला. "समजलं, सर!" तो म्हणाला, आणि वैष्णवीकडची कादंबरी परत आली की तिला लावायला एक टिकली त्याच्या हातात देऊन मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, वैष्णवीचं पुस्तक परत करायला गेली. ती बचत गटाची अध्यक्ष आणि भजनी मंडळाचीही. वासुदेवनं तिला बातमी दिली, "मोठी आई, सरांनी बायायसाठी वेगळे पुस्तकं काढले. खूणबी करून ठेवली." आपण परत केलेल्याच पुस्तकावर वासुदेवनं तिच्यादेखत टिकली चिकटवलेली पाहून तिनं ते तिथल्या तिथं स्वतःच्या नावावर घेतलं.

संध्याकाळी मला वासुदेवचा फोन आला. "सर, टिकलीवालं एकबी नाही राह्यलं! झुंबड होती नुसती!"

माझी छाती फुगली. गावातली प्रौढ मंडळी किती सुज्ञ, असं मी तासभर जो भेटेल त्याला सांगत सुटलो. घरी आलो तर सुनंदा चहा घेऊन दारात. "बरं केलं बाई तुम्ही. कोनीतरी पह्यल्यांदा आमचा इचार केला." मला काही कळलं नाही. पण आमच्या घरात माझं कौतुक इतकं दुर्मीळ आहे की त्याचा खुलासा मागायचा नसतो. मी चहा प्यायलो.

शनिवारी दिवेलागणीला मी मोठेबाबांच्या ओट्यावर बसलो होतो. मारुतीच्या देवळात बायकांचा हरिपाठ संपला. भोंगा मात्र सुरूच होता. मोठेबाबा सुपारी कातरत म्हणाले, "पाह्य, टिकल्यायनं काम केलं तुह्या. एकबी तक्रार नाही."

तेवढ्यात भोंग्यातून माझ्या बायकोचा आवाज आला. खणखणीत.

"'...जिनिंगच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कापसाच्या गंजीवर, त्याने तिला जवळ ओढले...'"

मोठेबाबांचा अडकित्ता उघडाच राहिला.

"थांब वं सुनंदा," भोंग्यातून मोठी आई म्हणाली. "गंजी कोनाची होती?"

"ते नाही देल्लं, मोठी आई."

"जाऊ दे, पुढं वाच. आमच्या घरी इतका कापूस पिकला बाई जलमभर, पन ह्यायले त्याच्या भावाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही!"

देवळात हशा झाला. मग पानठेल्यावर झाला. मग गावाच्या पार दुसऱ्या टोकाला झाला, तो वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत आला. मोठेबाबा माझ्याकडे बघत होते. मी धूम ठोकली. एक चप्पल नालीत गेली, तरी थांबलो नाही. थेट सभामंडपात घुसलो आणि सुनंदाच्या समोर वाकून ओरडलो, "बंद करा! हे पुस्तक तुमच्यासाठी नाही!"

तिच्या समोर माइक होता. गावभर गेलं!

"काऊन नाही?" मोठी आईनं विचारलं. "टिकली हाये ना त्याच्यावर?"

"टिकली म्हणजे बायांचं नाही हो! टिकली म्हणजे अश्लील!"

हेही गावभर गेलं.

सुनंदानं पुस्तकावरची टिकली बघितली, जवळ नेऊन निरखली आणि ओळखली. मग अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे जे जे वाईट दिसलं, त्याले त्याले तुम्ही माही टिकली लावली?"

मी आजपर्यंत पुष्कळ ठिकाणी पुष्कळ बोललो आहे. त्या वेळी मी पहिल्यांदाच आपणहून माइक बंद केला. मला खरोखर लाज वाटली, आणि ती अनवाणी पायाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मोठेबाबा कुलूप घेऊनच आले. बघतात तर वाचनालयाच्या दारात मोठी आई, तिच्या मागे सगळं भजनी मंडळ आणि त्यांच्याही मागे कॉलेजच्या मुली.

"कुलूप कशाले?" मोठी आई म्हणाली. "नातवाच्या हातात तुम्हीच मोबाईल देल्ला. त्याले लावलं का कुलूप?"

"वैष्णवीनं ते वाचलं म्हणून..."

"वाचलं तं वाचलं. म्याबी वाचलं. आमी दोघी बोललो त्याच्यावर. असं बोलनं माह्या मायनं माह्याशी केलं असतं, तं मी लग्नात इतकी भेली नसती."

मोठेबाबांनी हातातलं कुलूप खिशात घातलं आणि वासुदेवला म्हणाले, "पानी आन बे." ठराव काय तो एवढाच. लहान मुलांची पुस्तकं खालच्या फळ्यांवर आणली, बाकी कपाटं आहेत तशी उघडी राहिली आणि आपापल्या लेकराशी आपणच बोलायचं असं ठरलं. टिकल्या खरडून काढायचं काम एकमतानं सचिवांकडे आलं.

आता वाचनालयात कोणालाही कुठल्याही पुस्तकाला मनाई नाही. आमच्या घरात मात्र आहे. नवी कादंबरी आली की सुनंदा ती आधी स्वतः वाचते आणि मी हात पुढे केला की उशीखाली सारून म्हणते, "राहू द्या, तुमचं वय नाही झालं अजून."

पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय.