दुनळीकाकांचा कायमचा पत्ता

दुनळीकाकांच्या अर्जावर ‘कायमचे स्थलांतर’ या शब्दांपुढे जी खूण आहे, ती माझ्या हातची आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्या लेकीवर चिडले तर माझी चूक झाकते आहे असं कुणाला वाटायला नको.

काका आमच्या बँकेच्या दारात एकोणतीस वर्षं पहाऱ्याला होते. मी आत कारकून. त्यांना त्यांच्या दुनळी बंदुकीशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून हे नाव पडलं. एवढ्या वर्षांत त्या बंदुकीचा एकही बार उडाला नाही. “काका, नळीत झुरळांनी संसार थाटला असेल हो,” असं मी अधूनमधून म्हणायची. मग ते बंदूक मधे दुमडून उघडायचे, दोन्ही नळ्या खिडकीकडे धरायचे आणि मला आत बघायला लावायचे. आत नुसता लखलखाट.

“सापडलं झुरळ तर सांगा, मॅडम.”

हे बोलताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही.

बंदूक बँकेची नव्हती. त्यांची स्वतःची होती, परवानाही त्यांच्या नावावर. त्यामुळे ते निवृत्त झाले तेव्हा तीही निवृत्त झाली. वर्षभरात काकू गेल्या. मग त्या दोन खोल्यांत काका आणि बंदूक एवढंच उरलं. रविवारी मी डोकावायची. खरं सांगायचं तर रविवारी माझीही कुठे कुणी वाट बघत नसे. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, चिंधी आणि तेलाची बाटली घेऊन बसलेले असायचे.

“अहो, कालच पुसली होती ना?”

“संध्याकाळ जायला हवी, मॅडम.”

मी रागवायची. बागेत जा, चार माणसांत बसा, म्हणायची. ते मान हलवायचे आणि जायचे नाहीत. काकू होत्या तेव्हाही बोलण्याचं खातं काकूंकडेच होतं. त्या गेल्यावर ते कुणाकडे सोपवावं हेच त्यांना कळेना.

अशात लेकीचा फोन आला. ती शेजारच्या राज्यात राहते, बसने सात तासांवर. “बाबा, एकटे किती दिवस काढणार? इकडे या आता,” असं ती म्हणाली. हे वाक्य काकांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं. किती दिवसांसाठी, हे त्यांनी तिला विचारलं नाही आणि मीही त्यांना विचारलं नाही. इतक्या दिवसांनी कुणी बोलावल्यावर असलं काही विचारायचं सुचत नाही.

दुसरा कुणी असता तर दोन बॅगा भरून बसमध्ये बसला असता. पण काकांचा परवाना आपल्या राज्यापुरताच होता. हद्द ओलांडली की तीच बंदूक गुन्हा ठरते. त्यांनी सगळे नियम तोंडपाठ केले. सामानाच्या ट्रकमधून बंदूक पाठवायची नाही, मालकाने स्वतः न्यायची. रिकामी न्यायची. नळी आणि दस्ता सुटे करून पेटीत. काडतुसं वेगळ्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली अंगावर. आणि या सगळ्याच्या आधी, नव्या राज्याची परवानगी हातात. मी गेले की ते मला पेटी भरून दाखवायचे, मग पुन्हा उपसायचे. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

अर्ज मी भरला. त्यात दोन चौकटी होत्या. एक तात्पुरत्या प्रवासाची, दुसरी कायमच्या स्थलांतराची.

“काका, कुठली?”

“दुसरी.” क्षणाचाही विचार केला नाही. “बंदूक अशी चार दिवस इथे, चार दिवस तिथे ठेवता येत नाही, मॅडम. तिला पत्ता लागतो. मालक राहील तिथे ती.”

मी खूण केली. खाली लेकीचा पत्ता लिहिला. तो त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पुढच्या आठवड्यात त्यांनी कपाट वाटून टाकलं आणि घरमालकाला खोल्या सोडतो म्हणून कळवलं. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? ते म्हणाले, जायचंच आहे तर गुंतून कशाला राहायचं.

दीड महिन्याने परवाना कार्यालयातून बोलावणं आलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीतल्या कारकुनाने तिकडच्या पोलिसांचा अहवाल सरकवला. काका म्हणाले, “मॅडम, तुम्हीच वाचा. मोठ्याने वाचा.”

आणि मी वाचलं. सरकारी कागद वाचायची सवय वाईट. अर्थ डोक्यात शिरायच्या आत वाक्य तोंडातून गेलेलं असतं. “अर्जदाराच्या कन्येने जबाब दिला की, वडील दोन महिन्यांकरिता पाहुणे म्हणून येणार असून कायम वास्तव्यास येणार नाहीत. सबब शिफारस करता येत नाही.”

माझे कान तापले. मला ती लेक समोर हवी होती. काका मात्र खिडकीला म्हणाले, “बरोबर लिहिलंय त्यांनी. चूक आमच्याकडून झाली.”

कारकून बरा माणूस होता. तो म्हणाला, “आजोबा, एवढं काय त्यात? तात्पुरत्या प्रवासाचा नवा अर्ज केलात तर पुन्हा दीड महिना जाईल. त्यापेक्षा बंदूक इथे ठाण्यात जमा करा, पावती घ्या आणि खुशाल जा लेकीकडे. हा घ्या जमा करायचा फॉर्म.”

काकांनी फॉर्म घेतला. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि लेकीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठाच असतो.

“अगं, परवानगी नाही मिळाली बंदुकीची. काहीतरी कागदाचा घोळ आहे.”

पोलीस घरी येऊन काय विचारून गेले, ते ती बोलली नाही. काकांनीही विचारलं नाही.

“अरे देवा. मग आता हो, बाबा?”

“आता काय. बंदूक टाकून कसं यायचं?”

असं म्हणून ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. फॉर्म मांडीवर पसरलेला, पेनचं टोपण काढलेलं. बंदूक ठेवा तिथेच आणि तुम्ही या, एवढंच तिने म्हणायचं होतं. दोन महिन्यांसाठी या म्हणाली असती तरी ते गेले असते. जिला एकोणतीस वर्षं खांद्यावरून उतरवलं नाही, ती बंदूक त्यांनी त्याच पावली ठाण्यात दिली असती.

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, “हो, ते पण आहेच म्हणा. तुम्हाला करमायचं नाही तिच्याशिवाय. बरं, तब्येतीला जपा हं, बाबा.”

“हो, हो. तूही जप.”

फोन बंद झाला. काकांनी पेनला टोपण लावून ते मला परत दिलं. मग ते उठले, खिडकीपाशी गेले आणि तो फॉर्म कारकुनापुढे ठेवला.

“कोराच आहे, साहेब,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी होईल.”